हाकपट्टी

निकमांची म्हैस चंद्री रोज संध्याकाळी पाटीभर कोंडा खाई. तिला आयुष्यात कधी डॉक्टर लागला नाही.

*

माणसाचं मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. त्याला कसलीही घाई नसते.

*

"आई, कोंडा म्हणजे गव्हाचं काय?"

"साल."

"मग देवानं गव्हाला साल कशाला दिली?"

"म्हशीसाठी."

केतकी तेव्हा सहा वर्षांची होती. पुढं ती शास्त्र शिकली.

*

टाऊन हॉलमध्ये एक पुढारी बोलत होते. पहिल्या रांगेतले चौघे एकदम उठून बाहेर गेले. पुढारी थांबले, हसले आणि माइकवरच म्हणाले, "या जाऊन, या. तुम्ही येईपर्यंत मी विकासावरच असतो." टाळ्या पडल्या.

*

खिडकीजवळच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली महाराष्ट्राच्या जुन्या नकाशाची घडी सारलेली आहे. नकाशातला कोकणाचा भाग पार चेपून गेला आहे.

*

"मोबाईल आहे," लाटकर सर म्हणाले.

पोळी

कराडात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भिडतात. त्या घाटाकडे जाणाऱ्या उतारावर पिसाळ खानावळ आहे. पुढच्या दोन खोल्यांत टेबलं, मग एक फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागं स्वयंपाकघर, त्याच्या मागं जयमालाबाई पिसाळांचं राहतं घर आणि शेवटी परस. पिसाळ गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता पसारा आवरा आणि लेकीकडं जाऊन राहा. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा दिला आणि पुढच्या आठवड्यात खानावळीला नवा रंग दिला.

खानावळीचं नाव होतं पोळीमुळं. गहू दळून आणला की बाई पीठ आधी साध्या चाळणीनं चाळत, मग मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ करत. मैद्यानं मान खाली घालावी असली पांढरी कणीक निघे. पोळी मुठीत चुरगाळून सोडली तर झोपेतून जागं व्हावं तशी हळूहळू उलगडे. "काकू, तुमच्या पोळीला दात लागत नाहीत," असं इंजिनिअरिंगची पोरं म्हणत. बाईंच्या लेखी याहून मोठा मान जगात नव्हता.

पोरं पालेभाजी ताटात तशीच ठेवून उठत, म्हणून ती बंद झाली. कोशिंबीर कुणी मागत नसे, म्हणून ती सणावारावर गेली. उसळीला मटकी भिजत घालायचा कुटाणा, म्हणून तिच्या जागी बटाटा आला. असं करत करत ताट पांढरं, पिवळं आणि मऊ होत गेलं. कुणी ठरवून केलं नव्हतं. प्रेमानंच झालं होतं.

चाळायचं काम सकाळी, सूर्य घाटावर आला की. बाई खिडकीजवळ परात घेऊन बसत आणि समोरच्या टेबलाशी लाटकर सर चहा पीत. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली, मुलगा नॉर्वेत, बिऱ्हाड वरच्या पेठेत, चढावर. दोन्ही वेळचं जेवण पिसाळांकडं. सगळ्या गावाच्या त्या 'काकू', एकटे सर त्यांना 'जयमालाबाई' म्हणत. ते पेपर मोठ्यानं वाचत, बाई चाळताचाळता शेरे मारत.

"जयमालाबाई, चंद्रावर आता भाजी पिकवणार आहेत."

"पिकवू द्या. खाणार कोण? पोरं तिथंही ताटातच ठेवतील."

इतक्या वर्षांत सर त्या फुलाफुलांच्या पडद्याच्या पलीकडं एकदाही गेले नव्हते. तशी रीतच होती. एकट्या बाईच्या घरात परक्या पुरुषानं बैठकीपर्यंत यावं.

पट्टी

हाकपट्टी जयमालाबाईंची लेक केतकी हिच्या संशोधनगटानं बनवली. तिच्या हाताखाली पाचसात जणं होती आणि मेडिकल कॉलेजच्या मागची एक कोंदट खोली होती.

दिसायला पट्टी साधी होती. सुती, तळहाताएवढी रुंद, बेंबीखाली बांधायची. आत तांदळाच्या कणीएवढे मायक्रोफोन शिवलेले. पोट सतत बोलत असतं. डॉक्टरही त्यावर नळी टेकवून ऐकतात, पण मिनिटभर. पट्टी दिवसभर ऐकते. हृदयाचे ठोके, श्वास, गाडीचे गचके बाजूला काढले की जी गुरगुर उरते, त्यातली लहान आतड्याची कुठली, मोठ्याची कुठली आणि नुसती हवा कुठली, हे ती ओळखते. हजारो पोटं ऐकून ती शिकली होती.

मोठं आतडं तसं आळशी. आलेल्या मालातलं पाणी शोषायचं, एवढंच ते निवांत करत असतं. पण दिवसातून दोनचार वेळा त्यात एक मोठी लाट उठते आणि सगळं पुढं लोटते. झोपेतून उठल्यावर आणि पोटात काही पडल्यावर ती हमखास येते. जठरात चहा उतरला की खाली निरोप जातो : वर गाडी लागली, फलाट मोकळा करा. हीच ती हाक. तिला ओ दिली तर काम दोन मिनिटांचं. नाही दिली तर लाट ओसरते, मळ तिथंच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कोरडा, घट्ट होतो. महिनोन्महिने कुणी ओच देत नाही म्हटल्यावर हाक मारणाराही हळूहळू आवाज खाली आणतो. मग माणूस म्हणतो, "मला कधी लागतच नाही."

पट्टी लाटेच्या आधीची कुजबुज ऐकून थरथरायची. घर्रर्र, घर्रर्र. एवढंच तिचं काम.

पण तेवढ्यानं गाव बदललं. शाळांनी नियम केला : पट्टी थरथरली की न विचारता उठायचं. पट्ट्यांच्या नोंदींवरून नगरपालिकेच्या नकाशावर माणसं कुठं कुठं अडकून बसतात ते दिसू लागलं. बसस्थानक, भाजी मंडई आणि कोर्टाचं आवार लालभडक झालं, आणि वर्षाच्या आत तिथं बायकांसाठी स्वच्छ संडास उभे राहिले. जे अर्जविनंत्यांनी झालं नव्हतं ते लाल रंगानं झालं. एका लग्नाच्या बैठकीत याद्या चालू असताना मुलाचे काका उठून गेले आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं परत आले की मानपानाचा विषय जागीच मिटला. 'हाक आली' हे दोन शब्द लोक आता चारचौघांत म्हणू लागले होते, शिंक आली म्हणावं तसे.

पहिल्या खेपेच्या पट्ट्या ज्यांना दिल्या त्यांत लाटकर सर होते. केतकीनंच बांधून दिली.

"सर, थरथरली की उठायचं. कुठंही असा."

"वर्गात मी मुलांना तासाला उठू दिलं नाही कधी," सर म्हणाले. "आता त्यांची हाय लागलीय मला."

खानावळीत कानावर आलेलं

"तुझी वाजतेय लेका."

"वाजू दे. आमटी संपू दे."

"आमटी कुठं पळत नाही, तू पळ!"

"माझी चार दिवस झाले मुकी आहे."

"बिघडली असेल."

"पट्टी नाही रे. मी."

"सर, तुमची घरघरतेय."

"मोबाईल आहे."

"काकू, अजून एक पोळी."

लाल

पावसाळ्याच्या तोंडावर केतकी घरी आली ती चपला न काढता दारातच उभी राहिली. आईला तिची ही सवय ठाऊक होती. वाईट बातमी असली की ही पोर उंबऱ्यावर थांबते.

"बोल. नापास झालीस का?"

"आई, उद्या खानावळींचा नकाशा जाहीर होतोय. कुणाचं नाव नाही त्यात. पण कुठं जेवणाऱ्यांची पोटं अडतात, कुठं जेवणाऱ्यांची चालतात, ते ठिपक्यांनी दाखवलंय."

"मग?"

"आपला ठिपका लाल आहे."

बाईंनी हातातली परात खाली ठेवली. "थोडा?"

"कराडात सगळ्यात लाल."

पडद्यामागं रुक्मिणी, त्यांची जुनी मदतनीस, भांडी घासायची थांबली.

"माझ्या पोळीला?" बाई म्हणाल्या. "जिला दात लागत नाहीत तिला?"

"म्हणूनच गं. दात लागत नाहीत तिथं आतड्यालाही काही लागत नाही. कोंड्यातला चोथा पचत नाही, पाणी धरून ठेवतो, मऊ ठेवतो, आतड्याला ढकलायला काहीतरी देतो. तू तोच काढून म्हशीला घालतेस."

"तू याच पोळीवर वाढलीस."

"आणि बारावीपर्यंत रोज इसबगोल घेतलं. ते विसरलीस?"

बाई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "स्वतःच्या आईला लाल करायला शिकवलं का तुला?"

"मी पुसू शकले असते तो ठिपका," केतकी म्हणाली. "रात्रभर विचार केला. नाही पुसला. म्हणून आधी सांगायला आलेय."

बाईंनी परात पुन्हा उचलली. पण लाल ठिपक्यापेक्षा दुसरंच काहीतरी त्यांच्या मनात सलत होतं. वैशाखात त्या पंधरवडाभर मिरजेला बहिणीकडं गेल्या होत्या. परतल्यावर सर किती टवटवीत दिसत होते! गालांवर तकाकी आली होती. त्यांनी विचारलंही होतं आणि सर म्हणाले होते, "पोट छान होतं या दिवसांत." त्या आल्या आणि महिन्याभरात सरांचा चेहरा पुन्हा ओढलेला. उशाशी चूर्णाची बाटली आली.

म्हणजे आपण नसलो की माणसं बरी असतात. हे काही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

कोंडा मंगळवार

जयमालाबाई ज्या मुशीतल्या होत्या त्या मुशीतली माणसं चूक कळली की ती सुधारत नाहीत, तिच्यावर तुटून पडतात. सोमवारी संध्याकाळी त्यांनी मलमलीचं फडकं खुंटीवर फेकलं. चंद्रीची पाटी अडवली. मंगळवारच्या कणकेत गव्हाचा कोंडा तर परत घातलाच, शिवाय साठवलेला सगळा वर ओतला. आमटीत कोंडा. थालीपिठात कोंडा. सोबत चवळीची उसळ, वर मुळा.

"काकू, भिंतीला गिलावा करायचा हाय का?" रुक्मिणीनं विचारलं.

"गप मळ."

"मळत्ये. पर खोऱ्या लागंल."

पोरांनी मुकाट्यानं खाल्लं, काकूंचा चेहराच तसा होता. संध्याकाळपर्यंत वसतिगृहाच्या तीन मजल्यांवर पोटं नगाऱ्यासारखी तट्ट झाली. पट्ट्या खुळ्यासारख्या घरघरत होत्या आणि पोरं धावत जाऊन रिकाम्या हातानं, नुसता आवाज करून परतत होती. केतकीच्या कोंदट खोलीतल्या पडद्यावर उताराचा सगळा भाग मकरसंक्रांतीच्या आभाळासारखा फडफडू लागला. दारात चंद्री आली, रिकाम्या पाटीकडं बघून हंबरली आणि निकमीणबाई भिंतीवरून ओरडल्या, "तिच्या तोंडचा घास काढलाव काय वो?"

सरांनी त्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या. एरवी दोन खात. शेजारच्या टेबलांवरची पोरं कुरकुरत होती, तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चव आहे हं याला. मातीची चव आहे."

पाणी मात्र अर्धाच पेला प्याले. बाहेर असताना सर पाणी बेतानं पीत. मधेच जावं लागलं तर पंचाईत नको.

गुरुवारी सर आले नाहीत. शुक्रवारी निरोप आला, पोट फुगून दुखतंय, दवाखान्यात ठेवलंय.

दवाखाना

डॉक्टरीणबाई केतकीच्याच वयाची. तिनं एनिमा देऊन, सलाईन लावून सरांना मोकळं केलं होतं आणि आता पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून रागावत होती.

"एवढा कोंडा, आणि पाणी नाही? आजोबा, कोरडं सिमेंट भरलंत तुम्ही नळीत. चोथा वाढवायचा तो चिमटीचिमटीनं, आठवड्याआठवड्यानं, आणि सोबत तांब्यानं पाणी. आता काही दिवस बाहेरचं जेवण बंद. घरचंच खायचं."

"माझं घरचं तेच आहे," सर म्हणाले.

बाई दारात डबा घेऊन उभ्या होत्या. मुगाचं पातळ कढण, मऊ भात. त्यांनी डबा पाठीमागं लपवला. केतकी त्यांच्या शेजारी होती.

"या ना," सरांनी पाहिलं. "जयमालाबाई, तोंड असं का? कुणी गेलंय का?"

"माझ्या हातचं खाऊन तुम्ही इथं आलात, सर." बाई दारातूनच म्हणाल्या. "उद्यापासून दुसरीकडं बघा. त्या नव्या खानावळीचा ठिपका हिरवा आहे. डबाही पोचवतात. मी रागवणार नाही."

सर उठून बसायला लागले. सलाईनची नळी ताणली. "काहीतरीच! जेवणाचा दोष नाही हा. माझ्याकडं पुरावा आहे." उशाखालून मोबाईल काढून त्यांनी केतकीच्या हातात दिला. "बघ बाई. माझ्या पट्टीचं सगळं यात आहे, मला काही लपवायचं नाही. वैशाखातला तो पंधरवडा काढ. आई मिरजेला होती ना तुझी? पोट घड्याळासारखं. आणि जेवत कुठं होतो मी? तिथंच. रुक्मिणीनं केलेलं. तीच कणीक, तेच फडकं, तोच बटाटा. मग जेवणाचा दोष कसा? भूगोल शिकवलाय मी चाळीस वर्षं; दोन नकाशांत एकच गोष्ट सारखी असेल तर फरकाचं कारण ती नसते."

वर्गात जिंकल्यासारखे ते मागं टेकले.

केतकीनं आलेख सरकवून पाहिला. पुन्हा पाहिला. पंधरवड्यात रोज सकाळी एक उंच लाट आणि तिच्या पाठोपाठ मोकळी, सपाट रेघ. बाकी सगळ्या महिन्यांत लाट त्याच वेळी उठलेली, तितकीच उंच. नंतर मात्र ती अडवलेली दिसत होती, ओसरलेली, आणि तासाभरानं नुसती कुरकुर. हाक रोज येत होती. तिला ओ मिळत नव्हती.

"सर," केतकी सावकाश म्हणाली, "जेवण तेच होतं, खरंय. मग त्या पंधरवड्यात सकाळी काय वेगळं होतं?"

"सकाळी? काही नाही. घरी होतो. चहा मीच केला. बेकार झाला होता."

"आणि एरवी सकाळी?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढ्यात चादरीखालून आवाज आला. घर्रर्र, घर्रर्र.

"मोबाईल आहे," सर म्हणाले.

मोबाईल केतकीच्या हातात होता.

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. सकाळचं खिडकीतलं ऊन, फडक्यातून पडणारं पीठ, पेपराची सळसळ आणि मधेच येणारी ती घरघर, रोज, चहा निम्मा झाला की. प्रत्येक वेळी सर खुर्चीत जरा सावरून बसत, पान उलटत आणि वाचत राहत. आणि त्याही कशा! त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की एवढ्या सकाळी रोज या माणसाला फोन करतं कोण.

उठले असते तर चढ चढून बिऱ्हाडापर्यंत जावं लागलं असतं. तोवर चाळणं संपलं असतं, रुक्मिणी आली असती. आणि मागं परसात जायचं, तर वाट पडद्यातून, चुलीपुढून, देवघरावरून. असलं काही मागायला जन्म घ्यावा लागतो दुसरा.

"सर," त्या म्हणाल्या, "आता तरी जा. सिस्टर, यांना धरा जरा."

घरी परतताना रिक्षा उताराला लागली तेव्हा केतकी म्हणाली, "आई, मी काही बोलणार नाहीये."

"नकोच बोलूस."

"फक्त एक. परसातल्या संडासाच्या कडीला तेल घाल."

"कळलं मला. शास्त्र नको शिकवू."

खोडलेले प्रश्न

लोक काय म्हणतील.

~~निकमीणबाई बघतील.~~

~~रुक्मिणी हसेल.~~ रुक्मिणी हसलीच.

~~पिसाळ असते तर काय म्हणाले असते.~~ पिसाळ असते तर म्हणाले असते, अगं, माणूस मरतोय आणि तू पडदा कसला सांभाळतेस.

सकाळ

डॉक्टरीणबाईंनी सोडल्यावर सर चारपाच दिवस घरीच होते. मग एका सकाळी काठी टेकत उतार उतरून आले. खिडकीजवळ परात होती, शेजारी चाळणी होती, साधी, भोकाभोकांची. फडकं कुठं दिसलं नाही. तांब्याभर कोमट पाणी टेबलावर होतं.

"हे आधी," बाई म्हणाल्या. "मग चहा."

सर पाणी प्याले. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. चूल, फळीवरचे डबे, देवघरातली निरांजनाची वात आणि त्या सगळ्यापलीकडं परसाचं उघडं दार, दारातून आत आलेलं जास्वंदीचं पान.

"पडदा?"

"धुवायला टाकलाय."

सरांनी पेपर उघडला. वाचायला लागले. कुठल्याशा धरणाची बातमी होती. बाई चाळत होत्या. चाळणीतून आता पिठाबरोबर तांबूस कोंडाही पडत होता, थोडाच वर राहत होता. चहा निम्मा झाला.

घर्रर्र.

सर सावरून बसले. पान उलटलं. "आणि पुढं काय म्हणतात, की विसर्ग वाढवल्याशिवाय..."

"सर."

"मोबाईल..."

"मोबाईल पुढ्यात पडलाय तुमच्या. उठा."

सरांचे कान लाल झाले. "जयमालाबाई, तसं काही नाही. थांबते ती. सवय आहे मला."

"सवय आहे म्हणूनच दवाखाना झाला. परसात उजव्या हाताला. बादली भरलीय, साबण नवा आहे, चप्पल दारातच आहे."

"अहो, निकमीणबाई भिंतीवरून बघतात."

"त्यांची म्हैस रोज माझ्या दारात येते. मी कधी काही म्हटलं?"

सर उभे राहिले. खुर्ची मागं सरली. टेबल नकाशाच्या घडीवर जरासं डुललं. पडद्याची दोरी जिथं होती तिथं ते क्षणभर थांबले, वर्गाच्या दारात नवा मुलगा थांबतो तसे.

"मी येईपर्यंत तुमचं चाळून होईल," ते म्हणाले.

बाईंना मग सगळंच कळलं.

"नाही होत," त्या म्हणाल्या. त्यांनी चाळणी परातीत ठेवली, हात झटकले आणि चहाच्या कपावर बशी पालथी घातली. "चहा झाकून ठेवते. जाऊन या."

सर चुलीपुढून गेले. देवघरापाशी त्यांनी सवयीनं हात जोडले, आणि मग आपण कुठं निघालोय ते आठवून चटकन सोडले. कडी वाजली नाही. तेल घातलेलं होतं. पलीकडून निकमीणबाई खरंच डोकावल्या. "पाहुणे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "घरचेच."

सर परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांवर पाणी होतं आणि चेहऱ्यावर मिरजेच्या पंधरवड्यातली ती तकाकी. बशी उचलून त्यांनी घोट घेतला.

"गरम आहे अजून."

"झाकला होता. धरणाचं काय झालं पुढं?"

सरांनी वाचलं. बाईंनी चाळलं. जे काही दोन पोळ्यांचं पीठ उरलं होतं ते त्या दिवशी फार सावकाश चाळलं गेलं.

हिरवा होता होता

खानावळ एका रात्रीत बदलली नाही. कणकेत कोंडा मुठीमुठीनं परत आला. प्रत्येक टेबलावर तांब्या आला, आणि पेला रिकामा दिसला की रुक्मिणी ओरडू लागली. मेथी आली, ती पोरांनी ताटात ठेवली. मग बाईंनी ती थालीपिठात दडवली. मटकीला मोड येऊ लागले. जेवून गाडीवर बसणाऱ्यांना बाई घाटापर्यंत चालत पिटाळत. सरांच्या बिऱ्हाडी कमोड होता, तिथं पाय टेकायला त्यांनी लाकडी पाट धाडला. गुडघे वर आले की आतड्याची शेवटची वळकटी सरळ होते, असं केतकी म्हणाली होती. चंद्रीशी तह झाला. कोंडा निम्मानिम्मा.

पोळी तेवढी मऊ राहिली नाही. एक पोरगा म्हणाला, "काकू, आता दात लागतात." बाई म्हणाल्या, "मग देवानं दिलेत कशाला?"

ठिपका नारिंगी झाला, मग पिवळा. दिवाळीनंतर हिरवा. केतकी तो दाखवायला आली ती सरळ आत आली, चपला काढून.

सरांनी पट्टी परत केली. आता तिची गरज नाही म्हणाले. हाक त्यांना आपलीआपण ऐकू येत होती. मलमलीच्या फडक्यात बाई चक्का टांगू लागल्या. फुलाफुलांचा पडदा धुऊन वाळून घडी होऊन कपाटात गेला, तो पुन्हा कुणी लावला नाही.

*

पिसाळ खानावळ सकाळी साडेअकराला उघडते. तिथं चहा विकत मिळत नाही. कधीच मिळत नव्हता.